मुंगी पाहावी पाळून

मराठी घराचं मुंग्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे आणि त्यात आपली बाजू एकदाही जिंकलेली नाही. साखरेच्या डब्यात लवंगा टाकून झाल्या, दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून झालं, खिडकीच्या फटीत हळद कोंबून झाली, ओट्याभोवती औषधी खडूच्या रेघा ओढून झाल्या. दिवाळीचा फराळ आपण आजही मुंग्यांकडून उरला तरच खातो. शास्त्रज्ञांनी २०२२ साली जगातल्या मुंग्यांचा अंदाज मांडला, तेव्हा आकडा निघाला वीस हजार लाख कोटी. माणशी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २५ लाख मुंग्या येतात. एक रुपयाही न भरता जन्मतः २५ लाख नावावर जमा होण्याची ही जगातली एकमेव योजना.

एवढी श्रीमंती असताना कोणी मुद्दाम मुंगी घरात आणतो, तिला काचेच्या नळीत ठेवतो, तिच्यासाठी मध विकत घेतो आणि तिने अंडी घातली की पेढे वाटायच्या गोष्टी करतो, असं सांगितलं असतं तर आमच्या आजीने त्याची आधी दृष्ट काढली असती. पण असे लोक आहेत. युरोप-अमेरिकेत तर रग्गड आहेत. बर्लिनमध्ये मुंग्यांचं चक्क दुकान आहे. गिऱ्हाईक आत शिरतं, मुंग्या पसंत करतं आणि पैसे मोजून घेऊन जातं. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात साखरेबरोबर त्या फुकट येतात, पण फुकटच्या वस्तूची आपल्याला किंमत नसते. आता हे वारं इकडेही आलं असून त्याचा एक नमुना आमच्याच घराण्यात, म्हणजे माझ्या बहिणीच्या पोटी, कोथरूडला निपजला आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या वयाची मुलं रात्री बाहेर राहिली की आया काळजी करतात. हा रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्येच असतो, तरी ताई काळजी करते. कारण पहिला पाऊस पडून उघडीप झाली, हवा गुदमरल्यासारखी झाली, की हा टॉर्च आणि औषधांच्या रिकाम्या डब्या घेऊन दिव्याच्या खांबाखाली ओणवा उभा राहतो. एकदा वॉचमनने विचारलं, "काय हरवलं का दादा?" हा जमिनीवरची नजर न काढता म्हणाला, "राणी शोधतोय." वॉचमन क्षणभर गप्प राहिला, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या दादा. मिळेल दुसरी."

वॉचमनचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. दुसरी मिळतेच. मुंग्यांच्या लग्नाचा मुहूर्त एकच असतो आणि तो हवामान काढतं. पाऊस पडून जमीन मऊ झाली, वारा पडला, की एकाच जातीच्या आसपासच्या वारुळांतून पंखवाले नर आणि पंखवाल्या राण्या एकदमच बाहेर पडतात. हॉल नाही, केटरर नाही, मानपान नाही. लग्न बहुधा हवेतच लागतं. त्यानंतर नर थोड्याच अवधीत मरतो. मुळात हा नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याला वडील नसतात, पण आईला वडील असल्यामुळे आजोबा असतात. वडील नाहीत, आजोबा आहेत, लग्नाला गेला तो परत आला नाही, एवढ्यात त्याचं चरित्र संपतं.

राणीचं चरित्र मात्र इथून सुरू होतं. ती जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच उपटून टाकते आणि बीळ शोधू लागते. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. ते नरांच्या बाबतीत शंभर टक्के आणि राण्यांच्या बाबतीत नव्याण्णव टक्के खरं आहे, कारण त्या रात्री पाली, बेडूक, कोळी आणि पाखरं असे सगळे पंगतीला बसलेले असतात. वाचलेल्यांपैकी एखादी माझ्या भाच्याच्या डबीत पडते. पंख गळलेली राणी म्हणजे लग्न लागलेली राणी, म्हणून तीच उचलायची, हा या छंदातला पहिला नियम. कामकरी मुंगीपेक्षा ती बरीच मोठी असते, छातीचा भाग भरदार असतो आणि जवळून पाहिलं तर पंख जिथून गळाले तिथले वण दिसतात.

नवशिक्याचा घोटाळा होतो तो वाळवीशी. पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालणारे, सकाळी झाडूने पंखांचे ढीग काढायला लावणारे ते जीव बहुतेकदा वाळवीचे असतात. मुंगीला कंबर असते, वाळवीला नसते. मुंगीच्या मिशा कोपरातून वाकलेल्या असतात, वाळवीच्या मण्यांच्या सरळ माळेसारख्या. हा फरक ओळखता येत नसेल त्याने हा छंद करू नये, निदान ज्या घरात सागवानी कपाट आहे तिथे तरी नाहीच.

राणी घरी आली की तिचा बिऱ्हाड-संसार अत्यंत साधा. काचेची एक टेस्ट ट्यूब घ्यायची. तिच्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाणी भरायचं, त्यावर कापसाचा बोळा घट्ट बसवायचा, की पाणी अडतं आणि कापूस ओला राहतो. मग राणी आत सोडायची आणि तोंडाला दुसरा बोळा. बस. झाला राजवाडा. तो काळ्या कागदात गुंडाळायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा. पुढे महिना-दीड महिना राणीला खायला काही लागत नाही. उडण्यासाठी असलेले छातीतले भरभक्कम स्नायू आता तिला नको असतात. ते आतल्या आत जिरवून ती जगते आणि पिल्लांना भरवते. माहेरून आणलेली शिदोरी इतकी पुरवून वापरणारी सून आमच्या घराण्यात तरी झालेली नाही.

म्हणजे या छंदात पाळणाऱ्याचं काम काय? काहीही न करणं. आणि तेच मराठी घरात जमत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला "विश्रांती घे" असं सांगायला चाळीस माणसं येतात, तसंच राणीचं झालं. भाच्याचे आजोबा भिंग घेऊन दिवसातून तीनदा कागद उलगडून बघत. शेजारच्या काकू स्वयंपाक टाकून "घातली का?" विचारायला येत. कामवाल्या मावशी नळी हलवून "जिती हाय ना?" याची खात्री करून घेत. राणीला उजेड आणि हादरे सोसत नाहीत. फार त्रास झाला तर ती स्वतःची अंडी स्वतःच खाऊन टाकते. तिने खाल्लीही. तेव्हा घरात जी शांतता पसरली ती ताईला स्वयंपाकघरात गोड वाटली. ती मला म्हणाली, "घरातल्या मुंग्या मी बाहेर काढते आणि बाहेरच्या हा आत आणतो. आम्हा मायलेकांत नुसती मुंग्यांची बदली चालली आहे."

दुसऱ्या खेपेला भाच्याने नळी कपाटातल्या कपाटात लपवली आणि कोणालाच काही सांगितलं नाही. मला मात्र मामा म्हणून एकदा बघू दिलं. लाल कागदाच्या आडून टॉर्च धरून, कारण लाल उजेड मुंग्यांना फारसा कळत नाही. काळीभोर राणी ओल्या कापसाला टेकून बसली होती. समोर रव्याच्या कणांएवढ्या अंड्यांचा एक पुंजका. ती एकेक अंडं तोंडाने उचलून चाटत होती, पुन्हा जागेवर ठेवत होती, आणि पुंजका जरा कोरड्या बाजूला सरकला की ओल्या बाजूला ओढत होती. पुढे अळ्या झाल्या, अळ्यांचे कोष झाले आणि एका सकाळी चार-पाच फिकट, बारक्या मुंग्या राणीच्या पायांत घुटमळताना दिसल्या. पहिल्या खेपेच्या या मुली नेहमीच्या कामकरी मुंग्यांपेक्षा लहान असतात, कारण आईची शिदोरी तेवढीच होती. त्या बाहेर आल्या आणि राणीने त्यानंतर अंडी घालण्यापलीकडे कशालाही हात लावला नाही. राणी हुकूम सोडत नाही, कर घेत नाही, दरबार भरवत नाही. तिला राणी म्हणणारे सगळे पुरुष संशोधक असावेत, कारण दिवसरात्र बाळंतपणं करणाऱ्या बाईला घराची राणी म्हणायची सवय पुरुषांचीच.

मुली आल्या की खर्च सुरू होतो. त्यांना गोड लागतं आणि सामिषही लागतं. गोडाला मधाचं पाणी. ते सोपं. सामिषात डास, माश्या, झुरळाचा तुकडा. त्यात अट अशी की ते प्राणी औषध मारून मेलेले नकोत, नाहीतर सगळी वसाहत आडवी होते. म्हणजे मुंग्या जगायला झुरळं हवीत आणि झुरळं जगायला पेस्ट कंट्रोलवाल्याला दारातून परत पाठवायला हवं. ते केलं गेलं. मग पळून जाणं. मुंग्या काचेवर सहज चढतात, म्हणून डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावायची. वाळली की पाय घसरतात. ही पावडर ताईची होती. तरी पाच-सात जणी निसटल्याच. तेव्हापासून त्या घरात ओट्यावरची मुंगी मारायच्या आधी ती पाळीव की मोकाट हे विचारावं लागतं.

"हे खूळ तुला कुठून लागलं?" असं मी विचारलं तेव्हा भाच्याने एका मोठ्या माणसाकडे बोट दाखवलं. सर जॉन लबक. व्हिक्टोरियन इंग्लंडमधला सावकारी पेढीवाला, खासदार आणि चार्ल्स डार्विनचा शेजारी. १८७१ साली बँकांना सुट्टी देणारा कायदा त्यानेच पार्लमेंटात मांडला. म्हणजे बँकेच्या कर्मचाऱ्यांना सुट्टी मिळवून देणारा माणूस घरी जाऊन कधी सुट्टी न घेणाऱ्या प्राण्यांकडे बघत बसे. दोन काचांच्या मध्ये मातीचा पातळ थर घालून त्याने मुंग्यांची घरं केली, मुंग्यांना रंगाचे ठिपके लावून ओळखी ठेवल्या आणि १८८२ साली मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. मुंग्यांना ऐकू येतं का, हे बघायला त्याने त्यांच्यासमोर व्हायोलिन वाजवलं, शिट्ट्या फुंकल्या आणि स्वतः जमेल तितक्या कर्कश आवाजात ओरडला. मुंग्यांनी दखल घेतली नाही. घरातल्या इतरांनी घेतली का, हे त्याने नोंदवलेलं नाही.

त्याचा सर्वांत मौल्यवान प्रयोग दारूचा. मुंग्या आपणहून पीत नाहीत, म्हणून त्याने त्यांना दारूत बुचकळून झिंगवलं आणि वाटेत टाकलं. येणाऱ्या मुंग्यांनी आपल्या वारुळाची झिंगलेली मुंगी उचलून बहुधा घरी नेली आणि परक्या वारुळाची बहुधा पाण्यात लोटून दिली. एकतीस डिसेंबरच्या रात्री आपल्या मित्रांनाही हे इतक्या शिस्तीत जमत नाही. लबकची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षं जगली. पुढे युरोपातल्या साध्या काळ्या बागमुंगीच्या एका पाळीव राणीने हा विक्रम पावणेएकोणतीस वर्षांपर्यंत नेला. एका संध्याकाळी साठवलेल्या बीजावर जन्मभर अंडी घालत राहायचं. ताईने हा आकडा ऐकला आणि तिला वेगळीच चिंता लागली. "याच्यासाठी मुलगी बघायला गेलो की सांगायचं काय? घरात एक राणी आधीच आहे आणि ती अजून अठ्ठावीस वर्षं आहे?"

मुंग्यांकडे टक लावून बघायला इंग्लंडात जन्मायला हवं असंही नाही. पुणं पुरतं. विल्यम हेन्री साईक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी पुण्यात होता. त्याने १८३५ साली इथल्या मुंग्यांचं वर्णन छापलं. परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे मूठ-मूठभर ढीग दिसले. पावसाने बिळातली साठवण भिजली म्हणून मुंग्यांनी ती उन्हात वाळत घातली होती. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घालायची पुणेरी पद्धत नेमकी कोणी कोणाकडून उचलली, हा संशोधनाचा विषय आहे.

त्याचा दुसरा किस्सा फराळाचा. साईक्सच्या घरी फळं, केक आणि मुरंबे एका छोट्या टेबलावर झाकून ठेवलेले असत. टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत. मुंग्यांनी काही दिवस विचार केला आणि पाणी पार केलं. मग टेबलाच्या पायांना पाण्याच्या वर टर्पेंटाइनचं कडं ओढलं. काही दिवस शांतता. मग पुन्हा मुरंब्यावर मुंग्या. साहेब चक्रावला. शेवटी एकदा जाता जाता त्याला दिसलं, की मुंग्या भिंतीवरून टेबलाच्या फूटभर वर चढतात आणि तिथून खाली मेजपोशावर स्वतःला टाकून देतात. एकीमागून एक. पाण्याच्या परातीत पातेलं ठेवणाऱ्या तमाम गृहिणींनी हे लक्षात घ्यावं: आपली पद्धत पुण्याच्या मुंग्यांनी जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच निकालात काढली आहे.

मुंग्या बघता बघता माणसाचे काही गोड गैरसमजही जातात. शाळेत आपल्याला मुंगीकडून उद्योगीपणा शिका असं सांगतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात एका जातीच्या वसाहतींवर नजर ठेवली तेव्हा सुमारे ४० टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ स्वस्थ बसलेल्या आढळल्या. सर्वांत कामसू मुंग्या काढून घेतल्यावर आठवडाभरात स्वस्थ बसणाऱ्यांपैकी काही उठून कामाला लागल्या. आळशी मुंग्या काढून घेतल्या, तर त्यांच्या जागी आळस करायला मात्र कोणीच पुढे आलं नाही. कोणत्याही कार्यालयात हा प्रयोग करून बघावा. दुसऱ्या भागाचा निकाल वेगळा लागेल, याची मला खात्री आहे.

आपल्या देशात तर राणीशिवाय राज्य चालवणाऱ्या मुंग्याही आहेत. पश्चिम घाटात उड्या मारणारी, लांब जबड्यांची एक मुंगी राहते. तिच्याकडची राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी दिवसचे दिवस झुंजतात आणि जिंकलेल्या काही जणी अंडी घालायला बसतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की असं पद मिळालेल्या मुंगीचा मेंदू सुमारे पाचव्या हिश्श्याने आटतो, आणि पद काढून घेतलं की तो पुन्हा भरतो. माणसांच्या बाबतीत यातला पहिला भाग आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. दुसऱ्या भागासाठी आपण दर पाच वर्षांनी मतदान करतो, पण अजून तसं काही दिसून आलेलं नाही.

छंदाचं खूळ व्हायला वेळ लागत नाही आणि खुळाचा धंदा व्हायला तर मुळीच नाही. मुंग्यांची खरेदी-विक्री तशी जुनी. इ.स. ३०४च्या सुमाराचा मानला जाणारा एक चिनी ग्रंथ सांगतो, की संत्रावर्गीय झाडांची कीड खाण्यासाठी बाजारात मुंग्यांची घरटी पिशव्यांत घालून विकत. तो शेतकऱ्याचा सौदा होता. आताचा सौदा शौकिनांचा. २०२५ साली केनियात नैवाशाला दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. त्यांच्या खोलीत २,२४४ नळ्यांमध्ये सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या, बऱ्याचशा आफ्रिकेतल्या धान्य वेचणाऱ्या मोठ्या लालसर मुंगीच्या राण्या. नळ्यांत तोच ओला कापूस, जो माझ्या भाच्याच्या कपाटात आहे. कोर्टाने दहा लाख केनियन शिलिंग दंड नाहीतर वर्षाची कैद सुनावली. हस्तिदंत आणि गेंड्याचं शिंग पकडायला तयार झालेल्या अधिकाऱ्यांना कापसाचे बोळे मोजत बसावं लागलं. युरोपात त्या जातीची एक राणी शे-दीडशे पौंडांना जाते म्हणतात. या हिशेबाने आपल्या पार्किंगमध्ये दरवर्षी जूनमध्ये जे पायाखाली तुडवलं जातं, त्याचा हिशेब न केलेला बरा.

त्यातली मेख वेगळी आहे. राणी नेली म्हणजे एक मुंगी गेली असं होत नाही, पुढचं सगळं वारूळ गेलं. त्या मुंग्या गवताच्या बिया वाहून नेतात, माती उलथतात. ते काम करायला तिथे मग कोणी उरत नाही. आणि ती राणी परमुलुखात निसटली, तिथे तिचा शत्रू नसला, तर तिथल्या देशी मुंग्यांचं दिवाळं निघतं. वसाहतवादाचा हा अनुभव आपल्याला नवा नाही.

म्हणून ज्यांना हा शौक करायचाच असेल त्यांना विनंती. परदेशी राणी मागवू नका आणि आपल्याकडची बाहेर पाठवू नका. वारूळ खणून राणी काढू नका. मागे राहिलेल्या हजारोंना भवितव्य उरत नाही. पावसानंतर फरशीवर पंख टाकून फिरणारी, अजून घर न मांडलेली एखादीच उचला. सांभाळणं झेपलं नाही, तर जिथे सापडली त्याच परिसरात तिला सोडा, दुसऱ्या गावी नेऊन नाही. पकडलीच तर आईला आधी सांगा. आणि नळीला कापूस लावून झाला, की पुढचा महिनाभर कृपा करून तिच्याकडे बघू नका.